आबांनी कार्टून फोडून पाहिलं

मित्रांनो, मी रिमोट. वय वर्षं तेरा. पाठीवरचं झाकण कधीच हरवलंय, सेल पडू नयेत म्हणून कमरेला रबर बांधलाय. हसा खुशाल. तुमच्या घरातल्या रिमोटला तरी झाकण आहे का, जरा बघून या.

माझा जन्म कारखान्यातला. शेजारी माझ्यासारखीच हजार भावंडं, सगळी चकाचक. तिथून खोक्यात बसून श्रीवर्धनला आलो, बाळाजी आबांच्या घरी. पहिलं वर्ष काय थाट माझा! प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचे, हात पुसून उचलायचे. मग पिशवी फाटली आणि लाड संपले. सेल उतरले की दोन चापट्या मला. चूक सेलची, मार मला! मीही काही कमी नव्हतो. मालिकेत खुनी कोण ते कळणार, तेवढ्यात गादीखाली दडी मारायचो. अख्खं घर गुडघ्यांवर रांगायचं.

पण आज खोड्या नाही सांगत. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो.

आबांची नात मृणाल, साडेचार वर्षांची. तिचा बाप पनवेलकडे ट्रकवर असतो. घरात आई सुचिता, आबा आणि मी. मृणालला 'झप्पू' नावाच्या कार्टूनचं भारी वेड. झप्पू बोट वर करून ओरडायचा, "झप्प!" की जेवण तोंडात, बूट पायात. मृणालही पाय पुढे करून ओरडायची, "झप्प!" आणि सुचिता धावत येऊन चप्पल चढवायची. घाससुद्धा झप्पू लावल्याशिवाय आत जात नव्हता. टीव्ही बंद केला की तिचं तोंड बंद.

अशात सुचिताला बाजारातल्या औषधाच्या दुकानात नोकरी लागली. दहा दिवसांनी, सोमवारी कामावर जायचं होतं. पण दुपारी मृणालला भरवणार कोण? आबांचा हात थरथरतो. चमचा तोंडाशी पोचेपर्यंत रिकामा.

"मी दुकानात नाही म्हणून सांगते," सुचिता म्हणाली. "पोर उपाशी राहील."

"थांब गं. दहा दिस हायेत. तिला आपल्या हातानं जेवाया शिकवू."

"त्या झप्पूसमोर?"

"त्यालाच बघतो आधी," आबा म्हणाले.

आबांची हयात सुपारी पारखण्यात गेलेली. ढीग वरून कितीही चांगला दिसू दे, ते त्यातली एक सुपारी उचलून अडकित्त्यानं फोडायचे, आत बघायचे, मगच ढिगाला हो म्हणायचे. तीच रीत त्यांनी कार्टूनला लावली. मृणाल दुपारी झोपली की चष्मा चढवून, मला हातात घेऊन बसायचे. प्रत्येक कार्टूनचा एक भाग, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

शेजारची मैनाकाकू दारातून डोकावली. "काय हो बाळाजी, परत लहान झालात काय?"

"ये, बस. यात एक गाढव हाय. मघाधरनं सगळ्यांना लाथा घालतंय."

"मग?"

"मग काय, आतनं किडकी. पुढची फोडू."

झप्पू तर दोन मिनिटांत किडका निघाला. एकात सगळे नुसते चॉकलेट मागत होते. चार दिवसांनी, मंगळवारी, बब्बू सापडला. बब्बू म्हणजे बदकाचं पिल्लू. सदरा उलटा घालतं, काढतं, परत घालतं. दूध सांडतं, फडकं आणून पुसतं. त्याची आई शेजारी उभी असते, पण हात लावत नाही. थांबते. मला तर जांभई आली. आबा मात्र पुढे सरकून बसले.

"सुचिता, ही आई बघ. किती येळ थांबती."

"मला नाही जमायचं, आबा. माझा हात आपोआप जातो."

"म्हणून तर तुला दाखवतोय."

नियम ठरला. एक भाग, मग टीव्ही बंद, आणि पोर काय करते ते बघायचं. दोन दिवस मृणालनं झप्पूसाठी भोकाड पसरलं. शुक्रवारी बब्बू संपल्यावर उठली आणि स्वतः झगा घातला. मागची बटणं पुढे. सुचिताचा हात दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला. पोरगी दिवसभर तशीच मिरवली.

शनिवारी बब्बूनं झाडांना पाणी घातलं. टीव्ही बंद होताच मृणालनं मला खिशात टाकलं, डबा भरला आणि गेली अंगणात. अंगणात आबांची सुपारी उन्हात पसरलेली. घातलं की पाणी! एक डबा, दोन डबे, सहा डबे. मीही खिशात न्हालो.

"अगं सुचिता," मैनाकाकू कुंपणापलीकडून ओरडली, "पोरीनं सुपारीला आंघोळ घातली!"

सुचिता धावत आली. "झालं समाधान? निदान झप्पू बघताना गप बसायची!" तिनं मला ओढून काढलं. "तेच लावते आता."

आबा पायरी उतरून आले. मृणालनं रिकामा डबा पाठीमागे लपवला.

"त्यांना तहान लागली होती," ती म्हणाली.

आबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "सुपारीला तहान लागत न्हाय, बाय. तिला ऊन लागतं. ओली राहिली तर बुरशी धरंल. आता काय करायचं?"

मृणालनं विचार केला. आत जाऊन फडकं आणलं आणि एकेक सुपारी पुसायला बसली. शेकडो सुपाऱ्या, एक फडकं! आबा ओल्या सुपाऱ्या उन्हाकडे सारू लागले. सुचिता बराच वेळ नुसती उभी होती. मग वाकून तिनं विचारलं, "फडकं भिजलं गं तुझं. दुसरं आणू?"

"आण," मृणाल म्हणाली. एकदम मालकिणीसारखी.

मलाही सुपारीच्या रांगेत वाळत घातलं. चांगली सोबत होती.

रविवारी टीव्ही बंद ठेवून ताट वाढलं, तर मृणाल बाईसाहेब आपल्या हातानं चार घास खाऊन उठल्या. सोमवारी सुचिता जड पायानं दुकानात गेली. दुपारी आबांनी डाळभात वाढला, समोर बसले आणि हात मांडीवर ठेवून थांबले. मृणालनं टीव्हीकडे बघितलं. आबांकडे बघितलं. मग ताटात हात घातला.

एक वाजता फोन वाजला. "आबा, जेवली का हो?"

"जेवली. थोडं जमिनीनं खाल्लं, थोडं मांजरानं. बाकी सगळं तिनं."

"खरंच?"

"व्हय गं. तू औषधं वीक नीट. ताट धुवाया गेलीय ती."

पलीकडे कुणीतरी नाक पुसलं.

त्या दुपारी चार वाजेपर्यंत मला कुणी हात लावला नाही. आधी थोडा रुसलो. मग अंगणातून मृणालची बडबड ऐकत शांत पडून राहिलो. मित्रांनो, माझ्या बटणांत चांगलं आणि किडकं शेजारीशेजारी असतं, आणि मला त्यातलं काही कळत नाही. तेव्हा घरातल्या मोठ्यांना सांगा, पोरांपुढे ठेवायच्या आधी एक भाग तुम्ही बघा. बंद केल्यावर पोर उठतं की बसतं, तेही बघा. मला आपटू नका, सेल वेळेवर बदला. आणि अधूनमधून मला विसरत जा.