एकीच्या ठरावानंतर

चर्चमध्ये तिला सगळे पेटीताई म्हणत. लग्नाआधीपासून ती रविवारच्या उपासनेला पायपेटी वाजवत आली होती. पायाने भाता हलवायचा आणि वर बोटं चालवायची. भाता जुना, एका अंगाने हवा सोडायचा, त्यामुळे उजव्या पायाला जरा जास्तच राबवावं लागे. उपासना संपली की ती थोडी लंगडत उतरायची आणि नवऱ्याच्या दंडाला धरून घरी जायची. नवरा घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं, आणि चर्चच्या लोकांच्या, म्हणजे मंडळीच्या, पंचांमध्ये त्याच्या शब्दाला वजन होतं.

त्याच चर्चचा पाळक म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. त्याला न्हाऊमाखू घालणं, शाळेत पोचवणं, तापात उशाशी बसणं, सगळं हिनेच केलं. त्याचा गळा गोड आहे हेही तिच्याच आधी लक्षात आलं. तो पाळक व्हायला निघाला तेव्हा घड्याळजीने दुकानातलं चांगल्यातलं चांगलं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाला, "प्रवचन लांबलं तर बघत जा यात." पुढे कित्येक वर्षं हा विनोद घरात चालला. प्रवचन लांबलं की घड्याळजी पहिल्या बाकावरून आपल्या मनगटावर बोट ठेवायचा, आणि व्यासपीठावरचा मेहुणा हसू दाबत आटोपतं घ्यायचा.

असं सगळं सुरळीत असताना एकीचा ठराव आला.

त्या भागात तीन-चार वेगवेगळ्या मिशनांनी वसवलेल्या मंडळ्या होत्या. देव एकच, शास्त्र एकच, फक्त पाट्या वेगळ्या. वरच्या लोकांनी ठरवलं की आता सगळ्यांनी मिळून एक चर्च व्हायचं. कुणाला वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं. पण एक होणाऱ्या त्या चर्चला सगळ्यांच्या वर एक बिशप असणार होता, आणि पेटीताईच्या मंडळीत बिशप कधीच नव्हता. तिथे पंच बसत, पाळक बसे, आणि सगळे मिळून ठरवत. आजोबांच्या पिढीपासून हेच चालत आलं होतं.

"प्रभूने स्वतः प्रार्थना केली की माझे लोक एक होवोत," घड्याळजी म्हणायचा. "आपण कोण मोडता घालणारे?"

"एक व्हायला माझी ना नाही, भाऊजी," पाळक म्हणायचा. "पण बिशप म्हणवणाऱ्या माणसाच्या हातातल्या काठीपुढे मी गुडघे टेकणार नाही. आपल्या लोकांनी यासाठीच तर एवढं सोसलं."

आधी हे बोलणं जेवणाच्या टेबलावर व्हायचं. मग टेबलावर बोलणं बंद झालं आणि पंचांच्या सभेत सुरू झालं. पेटीताई दोघांची ताटं वाढायची, दोघांचं ऐकायची आणि दोघांनाही म्हणायची, "जेवा आधी. गार होतंय."

एका रविवारी उपासनेनंतर ठराव मताला टाकला. हात वर झाले, मोजले, पुन्हा मोजले. एकीच्या बाजूने थोडे जास्त भरले. पाळकाने निकाल स्वतःच वाचून दाखवला. मग त्याने अंगातला काळा झगा काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि बाकांमधल्या वाटेने चालायला लागला. त्याच्या मागे एक बाक उठलं, मग दुसरं. नवरे उठले, बायका उठल्या, कडेवरची लेकरं रडायला लागली.

पेटीपाशी आल्यावर तो थांबला.

"ताई, चल."

एवढंच म्हणाला. समोरच्या बाकावर तिचा नवरा बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर ठेवलेल्या आपल्याच हातांकडे बघत राहिला. ती उठली नाही. बसून राहायचं असं ठरवलंही नाही. शेवटचं गीत व्हायचं राहिलं होतं, पुस्तक समोर उघडं होतं, आणि तिचे पाय आपोआप खाली गेले. पेटी वाजायला लागली. गायला अर्धीच माणसं उरली होती. बाकीची त्या सुरावर पायऱ्या उतरून गेली.

बाहेर पडलेल्यांनी टायरच्या दुकानामागचं कापडाचं गोदाम घेतलं. पत्र्याचं छप्पर, एकच खिडकी, आणि दारावर पाटी: "मूळ मंडळी". मग चर्चची इमारत कुणाची यावरून दावा लागला. एकमेकांच्या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलेली माणसं वकिलामागे उभी राहून एकमेकांना 'प्रतिवादी' म्हणायला लागली. इमारत एकीवाल्यांकडे राहिली, मागची दफनभूमीही.

गावात चर्चा अशी की आता पाव घ्यायलाही बाजू विचारावी लागते. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. घड्याळजीची अर्धी गिऱ्हाइकं तुटली. मूळ मंडळीची माणसं बंद पडलेली घड्याळं घालून हिंडायची, पण त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाहीत. दोन्हीकडचे लोक एकाच ठिकाणी भेटायचे, दाताच्या डॉक्टरकडे. दुखणाऱ्या दाढेला पंथ नसतो, असं तो डॉक्टर म्हणायचा, आणि तोंड उघडून बसलेल्यांना उत्तर देता यायचं नाही.

पेटीताईच्या घरी मात्र कुणी विनोद करत नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं. भावाची मुलगी दर शनिवारी तिच्याकडे पेटी शिकायला यायची. ती यायची बंद झाली. पहिल्या शनिवारी पेटीताईने वाट पाहिली, दुसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी खुर्चीवरची उशी काढून कपाटात ठेवून दिली. पुढे एकदा बेकरीत भाची समोर आली. उंच झाली होती.

"कशी आहेस गं?"

"बरी आहे," मुलगी म्हणाली, आणि दाराकडे बघत तिने हळूच विचारलं, "आत्या, तू बाबांना वाजवून बाहेर काढलंस का?"

पेटीताईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मुलगी पाव घेऊन रस्त्यापलीकडे गेली होती.

त्या दिवशी संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"त्याला तसं वाटतंय?"

"तसंच वाटत असणार. पोर स्वतःच्या मनाने कशाला म्हणेल?"

"मग जाऊन सांग की त्याला."

"तुम्ही येता का बरोबर?"

घड्याळजी उठून हात धुवायला गेला. नळ उगाचच जास्त वेळ चालू राहिला. ती एकटी गेली नाही. रविवारी चर्च सुटलं की मात्र ती लांबच्या वाटेने, गोदामावरून घरी यायची. आतलं गाणं ऐकू यायचं. त्यांच्याकडे पेटी नव्हती. भाऊ सूर लावून द्यायचा आणि लोक धरायचे. तिसऱ्या कडव्यापर्यंत सूर उतरायचा, मग भाऊ एकटाच आवाज चढवून सगळ्यांना वर ओढायचा. ती भिंतीला टेकून तेवढं ऐकायची आणि चालू लागायची.

भाचीचं लग्न झालं, ते तिला दुसऱ्यांकडून कळलं.

मग एकदा गोदामावरून येताना गाणं उतरलं, आणि उतरलेलंच राहिलं. दुसऱ्या रविवारीही तसंच. दाताच्या डॉक्टरने सांगितलं, पाळकाच्या घशात गाठ आहे, मोठ्या इस्पितळात नेलंय.

या वेळी तिने नवऱ्याला विचारलं नाही. डोक्याला रुमाल बांधला आणि निघाली. वॉर्डाच्या दाराशी भावजय उभी होती. वाळून गेली होती. दोघी किती वर्षांनी समोरासमोर आल्या होत्या, पण भावजय एवढंच म्हणाली, "मंडळीची माणसं आहेत आत. आत्ता नको, ताई." पेटीताई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. माणसं गेली, तिच्याकडे न बघता गेली. मग भावजयीने दार ढकलून धरलं.

भाऊ उशांना टेकून बसला होता. गळ्याला पट्टी. आवाज नव्हताच, नुसता वारा.

"भाऊजींनी पाठवलं?"

"नाही रे. माझी मी आले."

तिने त्याचा हात हातात घेतला. मनगट एवढं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत सरकलं असतं. पण घड्याळ नव्हतंच तिथे. तिने विचारलं नाही.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "मी तुला घालवायला वाजवत नव्हते. देवाशपथ. मला काय करावं ते सुचेना. समोर गीत होतं, हात चालले. मला दुसरं येतं काय?"

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे भरले. ओठ हलले, ती वाकली तेव्हा तिला ऐकू आलं.

"मला वाटलं... तू मला निरोप दिलास."

"वेडा आहेस तू."

त्याने तिचा हात दाबला. लहानपणी दाबायचा तसा, सगळी बोटं एकदम. ती आणखी बोलणार होती. घड्याळजी दुकानात बसून अजून त्याची आठवण काढतो, बोलत नाही एवढंच, हे तिला सांगायचं होतं. तेवढ्यात दार वाजलं आणि मूळ मंडळीचे एक पंच आत आले, बगलेत बायबल धरून. भावाने हात काढून घेतला. घाईने नाही. सावकाश, चादर सारखी करावी तसा. पंचांनी तिला लवून नमस्कार केला. ती उठली.

"येते मी," ती म्हणाली.

तो मान हलवून हो म्हणाला आणि पंचांकडे बघायला लागला. ती भेट शेवटची ठरली.

तो गेल्याचं कळलं तेव्हा घड्याळजीने दुकानाचं फळकूट ओढलं आणि थेट पंचांच्या सभेला गेला. दफनभूमी एकीवाल्यांच्या ताब्यात होती आणि बाहेर पडलेल्यांना तिथे जागा द्यायची नाही असं ठरलेलं होतं. हे ठरवणाऱ्यांत तो स्वतः होता. त्या दिवशी तो त्यांच्याशी भांडला. "तो आमच्या घरचा पोर आहे. आईशेजारी जागा आहे, तिथेच जाईल. तुम्हाला नको असेल तर मी पंच म्हणून राहत नाही." कधी आवाज न चढवणारा माणूस घसा बसेपर्यंत बोलला. शेवटी त्यांनी मान्य केलं. तो जवळजवळ धावतच घरी आला. "झालं काम. आईशेजारी." आणि दोघं मिळून भावजयीकडे गेले. इतक्या वर्षांत त्या घराची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते.

भावजयीने ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाली, "त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय, भाऊजी. बिशपच्या जमिनीत नको म्हणून."

घड्याळजी दारातल्या खुर्चीवर बसला आणि तोंड हातात धरून रडला. पेटीताईने त्याला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

भावाला वीटभट्टीपलीकडच्या मोकळ्या जागेत पुरलं. मूळ मंडळीच्या माणसांनी कडं केलं होतं. हे दोघं त्या कड्याबाहेर उभे राहिले. कुणी जा म्हटलं नाही, या म्हटलं नाही.

वर्षं गेली. त्यानंतर घड्याळजीही गेला. दोन्हीकडे नवे पाळक आले, एकाच कॉलेजात शिकलेले, एकाच खोलीत राहिलेले. त्यांना हे भांडण म्हणजे लाजिरवाणी गोष्ट वाटायची. त्यांनी समिती नेमली, चार बैठका घेतल्या आणि चहा पिता पिता प्रश्न सुटला. नियमात 'बिशप' या शब्दाच्या जागी 'मुख्य पाळक' घालायचं ठरलं.

इकडचा तरुण पाळक पेटीताईकडे आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "त्या रविवारी पेटी तुम्हीच वाजवायची, आजी."

"काय बदललंत म्हणालास?"

त्याने पुन्हा सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच होतं, आजी. आधीच्या लोकांनी उगाच ताणलं."

तिला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि लगेच त्याची दयाही आली. त्याला काय माहीत. तिने त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाली, "माझे पाय चालत नाहीत आता. दुसरं कुणी बघ."

रविवारी ती गेली मात्र. पेटीपाशी नाही, मागच्या बाकावर बसली. गोदामातली माणसं नवे कपडे घालून, पाहुण्यांसारखी बिचकत आत आली. भावजय दाराशी उभी राहून सगळीकडे बघत होती. मग ती हळूहळू मागे आली आणि पेटीताईच्या शेजारी बसली. भाषणं झाली. हस्तांदोलनं झाली. गीत सुरू झालं तर तिसऱ्या कडव्याचे शब्द दोन्हीकडचे वेगळे निघाले. इतक्या वर्षांत एकीकडे नवं पुस्तक आलं होतं, दुसरीकडे जुनंच चाललं होतं. गलका झाला. लोक हसले, पाळकही हसला. या दोघी हसल्या नाहीत.

उपासना संपल्यावर बाकं रिकामी होईपर्यंत त्या बसून राहिल्या.

"ताई," भावजय म्हणाली, "ते असते तर आज आले असते का हो?"

 पेटीताईला खोटं बोलणं सोपं होतं.

"नसता आला."

"हो ना," भावजय म्हणाली. "मलाही तेच वाटत होतं. सकाळपासून घरातून पाय निघत नव्हता."

"तरी आलीस."

"तुम्ही असाल म्हणून आले."

बाहेर चहाची गडबड चालली होती. पेटीताईला उठवेना, तेव्हा भावजयीने तिला काखेत हात घालून उठवलं, आणि दोघी बाजूच्या दाराने, कुणाला न सांगता, वीटभट्टीच्या रस्त्याला लागल्या.