आठ दिवस चालू

छपरावरच्या सौरपट्ट्यांना दहा वर्षं झाली आणि वीज कंपनीचं पत्र आलं: तुमची जादा वीज यापुढे जुन्या दराने घेता येणार नाही. विकून काही हाती लागणार नव्हतं. बायको, मित्सुए, म्हणाली, "मग साठवून तरी ठेवू. बॅटरीवाल्याला बोलवा."

शनिवारी सकाळी सेरिझावा नावाचा पन्नाशीचा विक्रेता आला. त्याच वेळी शेजारच्या कावाना आजी गल्लीत घरोघरी फिरणारी सूचनांची फाईल द्यायला आल्या. मित्सुएने त्यांनाही बसवलं, सातूचा गार चहा दिला.

"आन्झाईसान, त्या मोठ्या वादळात इथे आठ दिवस वीज नव्हती ना?" सेरिझावाने विचारलं. "तेव्हा तुमचं स्वयंपाकघरातलं ते खास सॉकेट कामी आलं असेल. वीज गेली तरी ऊन असेपर्यंत पट्ट्यांच्या विजेवर त्यात फ्रिज चालतो."

"छे हो," मी म्हणालो. "असं काही असतं हे ठाऊकच नव्हतं आम्हाला. आम्हीही सगळ्यांसारखे अंधारातच."

सहा वर्षं हेच सांगत आलो होतो. आता ते तोंडून आपोआप निघायचं.

खरं असं होतं, की वादळाची रात्र सरताच सकाळी मी माहितीपुस्तिका शोधून बटण फिरवलं आणि फ्रिज सुरू झाला. मग आधी काय केलं, तर रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. सप्टेंबरचा उकाडा होता, बंदरावरच्या शीतगृहात मासे कुजत होते, आणि आम्ही पंख्यासमोर बसून गरम भात खात होतो. एका सॉकेटवर कितीसं चालणार, एकाला हो म्हटलं तर सगळी गल्ली लोटेल, असं मी मित्सुएला समजावलं. ती भांडली, मग गप्प झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कावाना आजी दारात आल्या. हातात रुमालात गुंडाळलेली डबी होती. नवऱ्याचं इन्सुलिन. "तुमच्याकडे कुठे गार जागा आहे का हो?"

मी दार अर्धंच उघडलं होतं. म्हणालो, "आमचाही फ्रिज बंदच आहे, आजी."

त्या वाकून नमस्कार करून गेल्या. नंतर कळलं, की ती डबी त्यांनी बादलीत ठेवून विहिरीत सोडली होती. आजोबांना तेव्हा काही झालं नाही. ते तीन वर्षांनी गेले, दुसऱ्याच आजाराने. एवढ्यावर मी स्वतःला माफ करून टाकलं होतं.

सेरिझावा उठून भिंतीवरच्या छोट्या पडद्याची बटणं दाबू लागला. "रोज किती वीज बनते ते बघतो, म्हणजे बॅटरी केवढी हवी ते ठरवता येईल." मग हसला. "अहो, विसरलात की काय! ही बघा नोंद. आठही दिवस सॉकेट सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू होतं."

माझे कान तापले. काहीतरी बिनसलं हे सेरिझावाच्या लक्षात आलं. घाईघाईने तो म्हणाला, "बॅटरी असली की रात्रीसुद्धा..."

"म्हणजे आता रात्रीही खोटं बोलायची सोय झाली," मित्सुए म्हणाली.

माझी मान वर होईना. चटईच्या काठाकडे बघत मी म्हणालो, "आजी, त्या दिवशी मी..."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दारात उभे होतात आणि मागे फ्रिज घरघरत होता. तेव्हा कान चांगले होते माझे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? भिंतीला भिंत लागून राहायचंय आपल्याला. यांनाही सांगितलं नाही मी. तुमच्याकडे पटावर खेळायला यायचे ना ते, दर गुरुवारी. तेवढी एकच मौज उरली होती त्यांना."

मला ते गुरुवार आठवले. एकदा डाव हरल्यावर आजोबा म्हणाले होते, असा शेजारी मिळायला नशीब लागतं. आणि मी "काहीतरीच काय" म्हणत त्यांच्या कपात चहा ओतला होता.

आजी निघाल्या तेव्हा मी दारापाशी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. "उठा हो, लोक बघतील," त्या वैतागून म्हणाल्या. "आणि माझ्यासाठी म्हणून बॅटरी घेऊ नका. मला ते ओझं नको."

सेरिझावाचे कागद आठवडाभर तसेच पडले होते. मित्सुए म्हणाली, "पाप धुवायला एवढी महागाची वस्तू कशाला?" तिचं खरं होतं. घेतली तरी लाज, नाही घेतली तरी लाज. शेवटी मी घेतली, आणि बाहेरच्या भिंतीवर एक सॉकेट बसवून घेतलं. गल्लीच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं, खिडकीचंही, डबीचंही. अध्यक्षांनी समोरचा कागद उलटला. "बरं," ते म्हणाले, "आता गटार सफाईचा विषय."

पुढच्या ऑक्टोबरात वादळाने दीड दिवस वीज गेली. सकाळीच मी फाटकाबाहेर टेबल मांडलं, वायर ओढली, 'इथे वीज घ्या' अशी पाटी लावली. येणारेजाणारे मान लववत होते. "आमचं भागतंय, आन्झाईसान," म्हणत होते. दुपारपर्यंत एकही फोन चार्जिंगला लागला नाही. मी आजींच्या दारी गेलो. "काही गार ठेवायचंय का?"

"आता काय राहिलंय ठेवायला?" त्या म्हणाल्या. रागाने नव्हे.

मी परत येऊन टेबलापाशी बसलो. थोड्या वेळाने मित्सुए दुसरी खुर्ची घेऊन आली.

"कुठवर बसणार?"

"वीज येईपर्यंत."

ती शेजारी बसली.