मातीचा दोष

"चौथं प्रेत! याच्याही जिभेखाली नाणं." स्तमातियाने रहस्यकथेच्या पुस्तकात बोट ठेवून अर्गिरिसला सांगितलं. "खुनी स्वतःला मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी समजतो."

"आणि तुमच्या हाताखालून किती गेले, स्तमातियाबाई?" अर्गिरिस फावडं पुसत हसला.

"एकोणीस वर्षं हाडं धुतेय. सोन्याचे दात सापडले, पण जिभेखाली फुटका छदाम नाही. लेखकाने एकदा आपल्या दफनभूमीत यायला हवं होतं."

नावं ठेवली तरी पुस्तक सुटत नव्हतं. खुनी कोण, हे तिला निम्म्यातच कळायचं. प्रेताबद्दल जो गरजेपेक्षा जास्त विचारतो, तो.

तेवढ्यात पोलिक्सेनी आली. अंगभर काळे कपडे, हातात पांढरं कापड आणि हाडं धुवायला तांबडी वाइन. तिच्या मुलाला पुरून तीन वर्षं झाली होती. आज इथल्या रिवाजाप्रमाणे हाडं काढून, धुवून पेटीत ठेवायची, जागा मोकळी करायची.

"माती चांगली आहे ना हो इथली?" अर्गिरिस खणत असताना तिने विचारलं. "सगळ्यांचंच अंग विरघळतं ना? कुणाचं राहिलंय का कधी तसंच?"

स्तमातियाने पुस्तक मिटलं.

खाली फावडं थांबलं. अर्गिरिसने वर बघून नुसती मान हलवली. मुलगा विरघळला नव्हता.

"बघू दे मला."

"नको." स्तमातिया मध्ये उभी राहिली.

पोलिक्सेनी म्हणाली, "मीच केलं हे. भांडून निघाला होता मोटारसायकलवर. मी ओरडले, जा, माती पण खाणार नाही तुला! संध्याकाळी पोलीस आले दारात. आईचा शाप तो, लागणारच."

पुस्तकात अशा कबुलीनंतर फौजदार सुस्कारा सोडतो आणि प्रकरण मिटतं.

"कसला शाप घेऊन बसलात!" स्तमातिया खेकसली. "चिकणमाती आहे ही, पाणी धरून ठेवते. ही अख्खी रांग अशीच."

मागच्याच आठवड्यात शेजारच्या कबरीतून सोललेल्या बदामासारखी स्वच्छ हाडं निघाली होती. अर्गिरिसने तोंड उघडलं. स्तमातियाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"नुसती ढेकळं, बाई," तो म्हणाला. "माझ्या कंबरेला विचारा."

"मग आता?"

"आता बुजवायचं. आणखी दोन वर्षं द्यायची त्याला."

अर्गिरिसने पहिलं फावडं भरलं.

"थांब रे," पोलिक्सेनी म्हणाली. तिने गुडघे टेकले, एक ढेकूळ उचललं, दोन्ही तळव्यांत चुरडून पिठासारखं केलं आणि हळूच खाली सोडलं. मग दुसरं उचललं.

अर्गिरिस फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने स्तमातियाही तिच्या शेजारी बसली आणि ढेकळं फोडू लागली.