त्या घराच्या आधीचा मी

मी गोठा बोलतोय. नाक मुरडू नका, माझ्या अंगचा शेणाचा वास जाऊन बरीच वर्षं झाली. पण माझ्याबद्दल सांगायचं तर आधी त्या घराबद्दल बोलावं लागेल. त्याचं नाव न घेता मी एक दिवस काढलेला नाही.

ते माझ्या पाठीला पाठ लावून उभं आहे. दुमजली, कौलारू, पुढे खांबांची ऐसपैस ओसरी. रस्त्यानं जाणारा माणूस त्याच्याकडे बघून हमखास थांबतो आणि मग बरोबरच्याला म्हणतो, "आणि मागे गोठा आहे वाटतं." हे 'वाटतं' मला फार लागतं. मी इथे उभा आहे, दगडाचा आहे, वाटायचं काय त्यात?

खरी गोष्ट अशी, की घर मी होतो. या डोंगरउतारावर पहिलं कुटुंब आलं, तेव्हा त्यांनी ओढ्यातले दगड डोक्यावरून वाहून आणले आणि मला बांधलं. चार भिंती, एक दार, एका भिंतीशी चूल. माझ्यात माणसं झोपली, भांडली, पोरं जन्मली, एक म्हातारा शांतपणे गेला. मग त्यांना बरे दिवस आले. कुटुंब वाढलं आणि त्यांनी मला लागूनच ते मोठं घर उभं केलं. ते पुरं झाल्यावर माणसं तिकडे गेली आणि माझ्यात गाई बांधल्या. चुलीमागची काळी भिंत लिंपून टाकली आणि वरून चुना फिरवला.

गाईंबद्दल माझी तक्रार नाही. गाय गरीब जनावर, भिंतीला अंग घासते आणि उगी राहते. पण पलीकडून भांड्यांचे, हसण्याचे, पोरांना ओरडण्याचे आवाज यायचे आणि माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. ते आवाज माझे होते.

पिढ्या गेल्या आणि घर दोन भावांच्या हाती आलं. त्यांना सगळे थोरले आणि धाकटे म्हणत, मीही तेच म्हणतो. वाटणीत थोरल्यांना घर मिळालं. धाकट्यांना मागचं शेत मिळालं आणि शेताबरोबर मी. राहायला म्हणून थोरल्यांनी त्यांना घराच्या मागच्या दोन खोल्या दिल्या. देताना म्हणाले, "असू दे, तुझंच आहे." धाकटे हे कधी विसरले नाहीत. संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर बसायचे, घराकडे पाठ करायचे आणि मधूनच पुटपुटायचे, "असू दे म्हणे." हा माणूस मला मनापासून आवडायचा. आम्हा दोघांचं पोट एकाच जागी दुखत होतं.

मग हा सगळा डोंगरउतार सरकारनं संरक्षित केला. नवीन विटेवर वीट ठेवायला बंदी आली. पाठोपाठ त्या घराला 'संरक्षित वास्तू' म्हणून पितळी पाटी मिळाली. पाटी ठोकायला आलेल्या माणसानं शिडी माझ्या भिंतीला टेकवून ठेवली होती. त्या समारंभात माझा वाटा तेवढाच.

थोरले मात्र सदा कुरकुरत. "पाटी कसली, बेडी आहे. खिडकीला रंग द्यायचा तरी अर्ज करा. एक कौल बदलायचं तरी नकाशा जोडा." धाकटे माझ्यापाशी येऊन म्हणायचे, "मिळतं त्यालाच कुरकुर सुचते." मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटायचं. मला अशी बेडी कुणी घातली असती तर मी ती आनंदानं मिरवली असती.

अशातच धाकट्यांची लेक माहेरी आली. जावयाचा कारखाना बंद पडला होता, भाड्याचं घर सुटलं होतं, आणि बरोबर छोटी मुलगी होती, जिला सगळे बुटकी म्हणत. धाकट्यांची बायको पूर्वीच गेलेली, त्यामुळे त्यांना घर भरल्यासारखं वाटलं. पण त्याच सुमारास थोरल्यांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मागच्या दोनातली एक खोली त्यांना परत हवी झाली. उरलेल्या एका खोलीत चार माणसं झोपू लागली. जावई बिचारा दारात आडवा व्हायचा आणि पहाटे जो उठेल तो त्याला ओलांडून जायचा.

नवीन घर बांधायची सोय नव्हतीच. तेव्हा लेकीला मी दिसलो. मधली किती वर्षं गेली असतील, पण कुणीतरी माझ्याकडे राहायच्या नजरेनं पाहिलं. ती माझ्यात फिरली, कोळशानं भिंतीवर दोन चौकोन काढले आणि नवऱ्याला म्हणाली, "इथे एक खिडकी, इथे एक. मागे न्हाणीघर. बास, आपल्याला पुरे."

पलीकडचं घर तेव्हा काय करत होतं ते मला माहीत नाही. मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. असे दिवस मला फार कमी मिळाले.

अर्ज करून करून थोरल्यांना नियोजन कार्यालयाची नाडी कळली होती. ते स्वतःहून आले आणि धाकट्यांना समजावून सांगू लागले. "हे बघ, जुना, रिकामा, भिंतींनी धड असलेला गोठा असला तर त्याचं घर करायला परवानगी देतात. पण फार जुना, ऐतिहासिक वगैरे निघाला तर संपलं. मग खिळा ठोकू देणार नाहीत, खिडकी तर सोडच. तेव्हा कार्यालयातून पाहणीला बाई येतील ना, त्यांच्याशी मला बोलू दे."

"तुम्ही बोला की, दादा," धाकटे म्हणाले. "तुमच्याच तोंडी शोभतं ते."

थोरल्यांनी तो टोमणा गिळला. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मलाही दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि सहन होणं वेगळं.

पाहणीच्या बाई आल्या. डोळ्यांवर चष्मा, पायांत चिखलाचे बूट, हातात टेप. स्वभावानं चांगल्या होत्या. त्यांनी माझ्या भिंती ठोकून पाहिल्या, तुळयांकडे मान वर करून पाहिलं, जावयाला दोन प्रश्न विचारले. "छप्पर उंच करणार नाही ना? बाहेरून दगड झाकणार नाही ना?" तो नाही नाही म्हणत होता. लेक बुटकीला कडेवर घेऊन उभी होती.

"ठीक दिसतंय," बाई म्हणाल्या. "घराच्या नंतरचाच असेल ना हा?"

"हो हो, बराच नंतरचा," थोरले घाईनं म्हणाले. "घर झालं, मग गुरांना काहीतरी आडोसा हवा म्हणून उभा केला. बांधकामातले दगड उरले होते."

आडोसा. उरलेले दगड. माझी माती झाली. आणि इकडे धाकट्यांचे कान लाल झालेले मला दिसले. लेकीनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "असू द्या."

तिनं दुसरा कुठलाही शब्द वापरायला हवा होता.

"उरलेले दगड?" धाकटे म्हणाले. "बाई, जरा इकडे या." आणि त्यांना बाहेर नेऊन, मी आणि घर जिथे चिकटतो तिथे उभं केलं. "हे कोपऱ्याचे दगड बघा. नीट घडवलेले. आणि हे घराच्या भिंतीत गाडले गेलेत. जो कोपरा झाकला जाणार, त्याला कुणी असे दगड घडवतं का? हा कोपरा आधी मोकळा होता. घर मागून येऊन चिकटलंय." तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आत आले, विळा घेतला आणि भिंतीवरचा चुना खरवडला. खालून काजळी निघाली, काळीकुट्ट, चमकणारी. "ही चूल. माणसं इथे राहायची. आमच्या दादांचं घर नव्हतं तेव्हापासून."

मी काय सांगू तुम्हाला. पिढ्यान्पिढ्या जे कुणी बोललं नव्हतं ते एक माणूस माझ्यासाठी मोठ्यानं बोलला. त्या घराच्या समोर. मला वाटलं, आता कौलं उडाली तरी चालेल.

बाईंनी चष्मा पुसला, काजळीला बोट लावलं आणि पुटपुटल्या, "अरे वा." थोरल्यांनी डोळे मिटून घेतले होते. लेकीनं बुटकीला कडेवरून खाली उतरवलं.

"आपण हे दाखवलं नसतं तर..." जावयानं चाचरत विचारलं.

"त्याचं मी काही सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "पण आता मी पाहिलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परवानगी नाकारली गेली. उलट मी संरक्षित ठरलो, आणि घरापेक्षा वरच्या दर्जाचा. माझ्या भिंतीला भोक पाडायचं नाही, न्हाणीघर जोडायचं नाही, आत चूल पेटवायची नाही.

थोरले पुन्हा आले. रागावले होते, पण आले. "अपील कर. म्हणावं, कोपरा दुरुस्तीत घडवला असेल. काजळी गुरांसाठी खाणं शिजवायचे त्याची असेल. नसेलही जुना, एवढंच तुला म्हणायचंय."

धाकटे उंबऱ्यावर बसून राहिले.

"मला खोटं बोलता येत नाही."

"त्या दिवशी गप्प बसता आलं असतं."

"तुम्हाला तेच हवं असतं, दादा. मी गप्प बसलेला."

लेक मागे उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मला राहायला जागा हवी आहे. ती काकांच्या घराआधीची का नंतरची, मला काय करायचंय? एकदा म्हणा ना, नसेलही."

आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, मी धरून. त्या तोंडातून ते वाक्य निघू नये असं मला वाटत होतं. ते निघालं नाही. मला आनंद झाला. लेक खोलीत गेली आणि सामान बांधायला लागली.

आता लेक, जावई आणि बुटकी रस्त्याच्या वळणापलीकडे राहतात, जिथे संरक्षित परिसर संपतो. सिमेंटची खोली आहे, वर पत्रा. तिला ना रूप ना रंग, वयानं माझ्या पणतूची पणती शोभेल. पण तिला दोन खिडक्या आहेत. सकाळी त्या उघडतात, दुपारी एकीत उशा वाळत असतात, दारात बुटकीची चप्पल उलटी पडलेली असते. माझ्या दारातून सगळं दिसतं. घराचा मत्सर मी इतकी वर्षं केला, पण तो काहीच नव्हता. या पत्र्याच्या खोलीनं माझी झोप उडवली आहे.

माझी पाटी घराच्या पाटीपेक्षा मोठी आहे. सुट्टीच्या दिवशी लोक मला बघायला येतात, घराकडे ढुंकूनही बघत नाहीत. किल्ली धाकट्यांकडे असते. ते दार उघडतात, काजळी दाखवतात, कोपरा दाखवतात. पूर्वीइतकं रंगवून सांगत नाहीत.

मागच्या सुट्टीला बुटकी आली होती. लोकांच्या घोळक्यातून पुढे घुसली आणि काजळीच्या भिंतीवर तळहात ठेवणार, तेवढ्यात धाकटे म्हणाले, "अगं, हात नको लावूस. लांबून बघ."

तिनं हात मागे घेतला. मग विचारलं, "आजोबा, इथे कोण राहतं?"

"कुणी नाही," धाकटे म्हणाले, आणि पुढच्या माणसाला वाट करून दिली.

तुम्ही कधी इकडे आलात तर मला बघायला आत या. लोक पुढे सरकले, आजोबांची पाठ फिरली, की भिंतीला हात लावा. चांगला पुरा तळहात लावा, आणि थोडा वेळ तिथेच ठेवा.