नंबर नसलेली प्लेट

प्लेटमधल्या औषधाच्या सहा चकत्यांपैकी पाचांभोवती रिकामं वर्तुळ पडलंच नव्हतं. जंतू थेट चकत्यांच्या कडेला येऊन टेकले होते. त्यांना औषधाची काडीचीही भीती उरली नव्हती. ताईंनी प्लेट उजेडाकडे धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. सव्वीस वर्षं रोज शे-दीडशे प्लेटा बघणाऱ्या बाईला एका नजरेत कळतं. तरी त्यांनी चौथ्यांदा बघितलं, आणि चौथ्यांदाही पाचच्या पाच औषधं फुकट गेलेली दिसली.

प्लेटच्या बुडाशी पेशंटचा नंबर नव्हता. मार्करने काढलेलं एक छोटं वर्तुळ तेवढं होतं. ही त्या लॅबमधली जुनी रीत. कामावरच्या कुणाच्या घरी कुणी आजारी असलं की लघवीची बाटली पिशवीतून यायची आणि शेवटच्या रांगेत मुकाट्याने बसायची. ना नोंद, ना रिपोर्ट. त्याला सगळे ‘घरचा नमुना’ म्हणायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हॉटेलातला आचारी घरी जाताना दोन घास बांधून नेतो, त्यातलाच प्रकार.

“नंबर नाही यावर?”

मागे मोठ्या मॅडम उभ्या होत्या. त्या लॅबच्या मुख्य डॉक्टर. वयाने ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, मोठेपण खुर्चीचं.

“घरचा आहे, मॅडम. आईचा.”

मॅडमनी प्लेट हातात घेतली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. “कितव्यांदा?”

ताई बोटांवर मोजू लागल्या आणि दुसऱ्या हातावर गेल्या. “सातव्यांदा. सव्वा वर्षात.”

“दर वेळी गोळ्या दिल्या?”

“हो. खालच्या काउंटरवरून. ओळख आहे.”

“कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिल्या?”

लिहून कुणीच दिल्या नव्हत्या. काय सांगणार? आईला जळजळ सुरू झाली की ती कण्हायला लागायची. प्लेटवर जंतू उगवून रिपोर्ट यायला दोन दिवस. तोवर आईला तसंच ठेवायचं? मग ताई नमुना लावायच्या आणि त्याच संध्याकाळी गोळ्याही न्यायच्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं. चौथ्या दिवशी गोळ्यांनी आईचं पोट वाहायला लागायचं, की गोळ्या बंद. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ताईंनी त्याची हजेरी घेतली असती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“चार दिवसांपासून ती भलतंच बोलतेय,” ताई हळूच म्हणाल्या. “बेल झाली का, सुपरवायझर बघतोय का, असं. मला वाटलं, वय झालं.”

“वय एका आठवड्यात होत नाही, ताई. जंतुसंसर्ग चढला की म्हाताऱ्या माणसांना असं होतं. तुम्हाला मी सांगायला हवं का हे? आत्ता घेऊन या त्यांना.”

सहा दिवस आई वॉर्डात होती. उरलेलं एकच औषध चालत होतं, आणि ते शिरेतून द्यायचं होतं. दोन दिवसांनी तिचं डोकं ताळ्यावर आलं, आणि ताळ्यावर आल्याआल्या ती लाजून अर्धी झाली.

“असल्या जागेचं दुखणं दहा जणांना दाखवत बसलीस माझं,” ती ताईंना म्हणाली. “एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काजं केली मी. बाजूच्या बाईलासुद्धा कधी कळू दिलं नाही.”

“म्हणून तर हे दिवस आले.”

“आले तर आले. तू कामावर जा, तुझी रजा फुकट चाललीय.”

पाचव्या दिवशी मॅडमनी ताईंना मायक्रोस्कोपशी बसवलं. शेजारी शेजारी दोन काचपट्ट्या ठेवल्या होत्या. एक कुणा निरोगी तरुण बाईची, दुसरी आईची. योनीमार्गातला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन बनवलेली. पहिलीवर जांभळ्या लांबट कांड्या दाटीवाटीने पसरल्या होत्या. ताई त्यांना चांगल्या ओळखत होत्या. आयुष्यात लाखांनी बघितल्या असतील, पण कधी मोजल्या नव्हत्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले हे जंतू. रिपोर्टात त्यांच्या वाट्याला ‘नेहमीचे’ एवढा एक शब्द यायचा, तोही जागा उरली तर.

दुसऱ्या पट्टीवर एकही कांडी नव्हती. गुलाबी आखूड जंतूंनी सगळं बळकावलं होतं.

“या कांड्या म्हणजे घरची राखण,” मॅडम म्हणाल्या. “आतड्यात राहतात, तिथून येऊन योनीमार्गातही वस्ती करतात. तिथलं सगळं आंबट ठेवतात. त्या आंबटात आतड्यातल्या या गुलाबी मंडळींचं बस्तान बसत नाही. राखण गेली की यांना रान मोकळं, आणि तिथून लघवीची वाट बोटभर अंतरावर. पाळी गेल्यावर या कांड्या कमी होतातच. वर तुम्ही सात वेळा गोळ्या घातल्या.”

“सुक्याबरोबर ओलंही जळालं,” ताई म्हणाल्या. त्यांना एकदम रडू आलं. त्यांनी डोळा भिंगाला लावून ठेवला, म्हणजे मॅडमना दिसायला नको.

मॅडमना दिसलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. “पोट वाहत होतं तेही त्याचमुळे. आतड्यातलीही राखण गेली ना. आता ऐका. आतून लावायचं मलम देते, पाळी गेलेल्या बायकांसाठी असतं ते. त्याने या कांड्यांना पुन्हा राहण्याजोगी जागा होते. जिवंत जंतूंच्या कॅप्सूल देऊन बघू. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. मी वचन देत नाही. रोज वाटीभर दही द्या, पोटाला बरं. पण सगळ्यांच्या आधी पाणी. दिवसभर पाणी, आणि लागली की लगेच जायचं. ते होणार नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.”

जाताजाता त्या थांबल्या. “आणि यापुढे घरचा नमुना बंद. आईला नंबर घालायचा.”

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. ताई सकाळी आठला निघायच्या आणि संध्याकाळी सहाला परतायच्या. मधले दहा तास आई एकटी. आता रोज निघताना ताई खाटेशेजारच्या स्टुलावर पाण्याच्या दोन बाटल्या भरून ठेवू लागल्या. कॅप्सूल फ्रिजच्या दारात, दही वरच्या कप्प्यात, मलम उशीखाली. दुपारी फोन करून विचारायच्या, “प्यायलीस का?” आई म्हणायची, “काय? ऐकू येत नाही गं,” आणि फोन ठेवायची. पण संध्याकाळी दोन्ही बाटल्या रिकाम्या असायच्या. ताई कॅलेंडरवर रोज एक खूण करायच्या. खिडकीतल्या कुंडीतली वेल तर इतकी माजली की गजांतून बाहेर डोकावू लागली. घरात कुणीतरी बाळसं धरतंय, म्हणून ताईंना बरंच वाटलं.

अठराव्या दिवशी सकाळी आईचं पुन्हा तेच कण्हणं ऐकू आलं.

“जळतंय?”

“नाही.”

“आई, खरं सांग.”

“थोडंसं. जा तू, उशीर होईल.”

त्या दिवशी लॅबचे दोन जिने चढताना ताई मनात उजळणी करत होत्या. मलम लावलं, कॅप्सूल दिल्या, पाणी पाजलं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा वॉर्ड, पुन्हा शिरा शोधणं. शेवटचं उरलेलं औषधही एक दिवस या जंतूंनी पचवलं की मग काय, हे त्यांना नीट माहीत होतं. असे रिपोर्ट त्यांनी हाताने लिहिले होते. मधल्या सुट्टीत त्या खाली काउंटरशी जाऊन उभ्या राहिल्या. औषधवाल्याने न विचारताच मागे हात घातला. “नेहमीच्याच ना, ताई?”

गोळ्यांचं पाकीट काचेवर आलं. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. सगळं किती सोपं होतं.

“नको,” त्या म्हणाल्या. वर जाऊन त्यांनी कोरी बाटली घेतली, रजिस्टरमध्ये आईची नोंद केली, बाटलीवर नंबर घातला, मॅडमना सांगून दुपारची रजा टाकली आणि नमुना आणायला घरी निघाल्या.

दार किल्लीने उघडलं तेव्हा आई खिडकीशी उभी होती. एका हाताने गज धरलेला, दुसऱ्या हाताने बाटली कुंडीत उपडी केलेली.

“आई!”

आईने बाटली पाठीमागे लपवली. “झाडाला घालत होते.”

“रोज?”

“झाड आहे ते. त्याला रोजच लागतं.”

“आणि दुसरी बाटली?”

“ती बेसिनमध्ये,” आई म्हणाली. खोटं बोलायची तिला फारशी सवय नव्हती.

ताईंच्या डोक्यात सणक गेली. “मी जिवाचं रान करतेय. मॅडमसमोर मान खाली घातली. सहा दिवस वॉर्डात बाकड्यावर बसून काढले. आणि तू वेलीला पाणी पाजतेस? मरायचंय का तुला?”

“ओरडू नकोस. ऐकू येतं मला.” आई धरत धरत खाटेवर येऊन बसली. “कारखान्यात दोन बेला असायच्या. दहाला एकदा, दोनला एकदा. मधे लागली तर दात आवळून बसायचं. मग आम्ही पाणीच प्यायचो नाही. नाही प्यायलं की लागत नाही. तहान मारणं सोपं आहे मला, पोरी. उठणं अवघड आहे. इथून संडासापर्यंत बावीस पावलं आहेत. मोजलीत मी. अठराव्याला सुटते.”

“मग सुटू दे ना!”

“आणि चादरी? कपडे? तू सहाला येतेस. चप्पल काढतेस आणि भिंतीला टेकून उभी राहतेस. मला वाटतं, आता खाली बसेल ही. मागे एकदा गादी भिजवली होती मी, आठवतं?”

“मी काही बोलले का तेव्हा?”

“नाही. एक शब्द नाही बोललीस.” आईने वर बघितलं. “पण तुझा चेहरा बघितला मी. तेव्हाच ठरवलं.”

ताईंना ती संध्याकाळ आठवत होती. गादी उचलून गच्चीत नेली होती, फरशी पुसली होती, आईला आंघोळ घातली होती, आणि खरंच तोंडातून ब्र काढला नव्हता. आपण किती समजूतदारपणे घेतलं, याचा तेव्हा त्यांना थोडा अभिमानही वाटला होता. आता त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि त्यांना इतकं वाईट वाटलं की काही सुचेना. जंतूंवर सगळा राग काढून झाला होता, गोळ्यांवर काढून झाला होता. हा कुणावर काढणार?

मग त्यांनी उठून ग्लास आणला. आई निमूटपणे पाणी प्यायली. मग दुसरा ग्लास. एक स्वतः ताईही प्यायल्या, कारण सकाळपासून त्यांच्याही पोटात घोटभर गेलं नव्हतं. दोघी खिडकीतल्या वेलीकडे बघत बसल्या. उद्या आठ ते सहाचं काय करायचं, कुणाला सांगायचं, खाटेशेजारी संडासाची खुर्ची आणून ठेवली तर जमेल का, असं बरंच ताईंच्या डोक्यात फिरत होतं आणि एकाचंही उत्तर धड सापडत नव्हतं.

“चल,” आई एकदम म्हणाली.

ताईंनी एका हातात नंबर घातलेली बाटली घेतली, दुसऱ्या हाताने आईचा दंड धरला. आई पावलं मोठ्याने मोजत होती. पंधरा. सोळा. अठराला तिने ओठ दाबून धरले. “एकोणीस,” ती म्हणाली, आणि तिथेच सुटलं. तिच्या पायांवरून फरशीवर, फरशीवरून ताईंच्या तळव्यांपर्यंत आलं.

आईने खाली बघितलं नाही. ती ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

ताईंना कळेना, चेहरा कसा करावा. हसू आणायला गेल्या, ते आलं नाही. शेवटी त्यांनी तो होता तसाच राहू दिला.

“दमलेय गं मी, आई,” त्या म्हणाल्या. “सव्वीस वर्षं दमलेय. हा चेहरा आता असाच राहणार. त्याच्यावरून तू काही ठरवत जाऊ नकोस.”

आईने समजल्यासारखी मान हलवली.

“नमुना गेला ना तुझा?”

“येईल अजून.”

“मग पाणी दे.”

ताईंनी पाणी आणून दिलं. आईने भिंतीला पाठ टेकवली, ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि त्या ओल्या फरशीवर उभ्या उभ्या शेवटच्या घोटापर्यंत संपवला.