चक्कर येण्याआधी

पाथर्डीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली आणि सुनीती सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. झोप काही लागली नाही. संकष्टी होती. सकाळपासून पोटात फक्त चहा होता.

केडगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करता करता त्यांचे केस पिकले होते. तिथल्या डॉ. सुश्रुतांनी पुढे राहाता आणि पाथर्डीलाही शाखा काढल्या. गेल्या महिन्यात पाथर्डीच्या शाखेत तपासणीसाठी रक्त देऊन उठलेली एक बाई चक्कर येऊन तोंडावर पडली. हनुवटी फाटली, पुढचे दात गेले. डॉक्टरांनी सुनीतींना बोलावून घेतलं. "सिस्टर, असं पुन्हा होता कामा नये. सगळ्या स्टाफला ट्रेनिंग द्या. तुम्हीच तयार करा, तासाभरात बसेल असं."

त्यांनी भाचीकडून स्लाइड बनवून घेतल्या. केडगावला सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दुसऱ्याच दिवशी तिथली एक नर्स रक्त घेतल्या घेतल्या एका म्हाताऱ्याला उठवून बाहेर काढताना दिसली. राहात्याला रिसेप्शनवरची बाई स्लाइड चालू असतानाच झोपली. रात्रपाळी करून आली होती. सुनीतींनी तिला उठवलं नाही.

पाथर्डीला रक्त काढायचं काम अंगद खेडकरकडे होतं. तिशीतला धिप्पाड माणूस. ती बाई त्याच्यासमोरच पडली होती.

"माझ्यासाठीच आलात ना, सिस्टर?"

"सगळ्यांसाठी आलेय."

"सगळे तसंच म्हणतात," तो म्हणाला आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाईकडे त्याने मानेनेच दाखवलं. "त्याच त्या. बायडाबाई."

दसरा झाला की बायडाबाई ऊसतोडीला जाणार होत्या. त्याआधी जबडा दाखवून घ्यावा म्हणून आल्या होत्या. हनुवटीवरची खूण अजून लाल होती. सुनीती त्यांच्याशेजारी बसल्या.

"मावशी, पडायच्या आधी काही जाणवलं होतं का?"

"जानवलं की. घाम फुटला. कानात घुंई व्हत हुतं, जांभया येत हुत्या."

"मग सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगू? ह्यो दादा म्होरच्याला हाक मारीत हुता. मागं ही रांग. म्हनलं, उगं तमाशा नको. भाईर जाऊन भिताडाला टेकावं."

अंगद दारातच उभा होता. त्याने ऐकलं आणि तो आत गेला.

दुपारी पेशंट संपल्यावर अंगद, नर्स रुपाली आणि रिसेप्शनवरची सुकन्या समोर बसले. थोड्या स्लाइड झाल्या आणि सुनीतींना स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला. त्यांनी लॅपटॉप मिटला.

"करूनच बघू. मी पेशंट. अंगद, रक्त काढा."

"खरंच?"

"खरंच. चक्कर आल्याचं सोंग करते. तुम्ही काय करता ते बघू."

त्यांनी हात पुढे केला. सुई आत गेली. आता गरगरतंय म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण शब्द येईनात. पाठीवरून थंड घाम उतरला. रुपालीचा चेहरा लांब गेला.

"सिस्टर, नाटकात जायला पाहिजे होतं तुम्ही," रुपाली हसत म्हणाली.

अंगद हसला नाही. त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते.

"नाटक न्हाई हे," तो म्हणाला. त्याने सुई काढली, कापूस दाबला, त्यांना अलगद जमिनीवर आडवं केलं आणि पाय उचलून स्टुलावर ठेवले.

सुनीतींना पंखा दिसू लागला, तेव्हा रुपाली पाण्याचा ग्लास घेऊन वाकली होती.

"थांब. पूर्ण शुद्धीवर येऊ दे," अंगद म्हणाला. "पाणी तोंडावर पण मारू नको."

रुपालीने ग्लास बाजूला ठेवला. मग अंगद खाली फरशीवरच बसला.

"त्या दिवशी मी मावशीच्या हाताकडं बघत हुतो. शीर सापडली, रक्त आलं, झालं. तोंडाकडं बघितलंच न्हाई."

"रांग कुठपर्यंत होती?"

"दाराच्या भाईर."

"मग ती तुझ्या एकट्याची चूक नाही," सुनीती म्हणाल्या. अहो-जाहो कधी सुटलं, ते त्यांनाही कळलं नाही.

उरलेलं ट्रेनिंग त्यांनी आडव्या पडूनच घेतलं. सुई लावण्याआधी विचारायचं, पूर्वी कधी चक्कर आली होती का. पेशंट होय म्हणाला तर खुर्चीत बसवायचंच नाही, आडवं करूनच रक्त घ्यायचं. बोलका पेशंट गप्प झाला, जांभया देऊ लागला, तर काम तिथंच थांबवायचं. मागच्या खोलीतली कॉट सलाइनच्या खोक्यांखाली गाडली गेली होती. तिघांनी खोकी हलवून ती बाहेर आणली.

परतीच्या एसटीतून सुनीतींनी डॉक्टरांना फोन केला. "रक्त दिल्यावर पेशंटजवळ बसायला एक माणूस लागेल."

"सिस्टर, मी ट्रेनिंग म्हटलं होतं. भरती नाही."

"मग सकाळची गर्दी कमी करा. काहींना दुपारी बोलवा. घाईत कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, डॉक्टर. मी कितीही शिकवलं तरी."

"बघतो."

हे 'बघतो' त्या इतकी वर्षं ऐकत आल्या होत्या. फोन पर्समध्ये टाकून त्यांनी डोकं खिडकीला टेकवलं.

माणूस मिळाला नाही. गर्दीही तेवढीच राहिली. कॉट मात्र जागेवर राहिली, आणि जमेल तेव्हा सुकन्या रिसेप्शन सोडून पेशंटजवळ येऊन बसू लागली. दिवाळीनंतर एका संध्याकाळी अंगदचा फोन आला.

"सिस्टर, आज एकजण पडता पडता राहिला. वेळेत आडवा केला. मागचे लोक लई ओरडले, उशीर व्हतोय म्हणून."

"मग?"

"ओरडू दिलं."

"बरं केलंस."

त्यांनी फोन ठेवला आणि सुजलेले पाय बादलीतल्या गरम पाण्यात सोडले. सकाळी पुन्हा राहात्याला जायचं होतं. तिथे परवाच एकजण पडला होता.