तिसरा डबा

या, असे जवळ सरकून बसा. मागचेही पुढे या, जागा आहे. आजची गोष्ट राजाची नाही, साधूची नाही. एका गळक्या डोंग्याची आहे आणि त्यात बसणाऱ्या दोन म्हाताऱ्यांची. डोंगा म्हणजे होडीच; पण आपल्या रायपुरात होडी म्हटलं तर निम्मी माणसं तोंडाकडे बघतात. ऐकून पुण्य किती पडेल ते देवाला ठाऊक, पण घरी जाताना एक माणूस तुमच्यासोबत येईल, एवढं कबूल.

रायपूर राजधानी होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. ज्या रस्त्यांवर हातठेले चालायचे तिथं लाल दिव्याच्या गाड्या धावू लागल्या होत्या, आणि गुढियारीतल्या पानठेल्यावर बसणाऱ्यालाही वाटायचं की आपण काहीतरी मोठं झालो. नीलकंठरावांना मात्र तसं काही वाटलं नव्हतं. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेला हा माणूस मूळचा भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या मुलखातला. त्याला जन्मात एकच नाद. मरळ.

मरळ म्हणजे काळी, पिळदार, वेलींच्या आड दबा धरून बसणारी मासळी. जाळ्यात येईल न येईल, पण पाण्यावरून बेडूक गेला की खालून तोफेसारखी सुटते. गळाला लावायचा तो बेडूक नीलकंठराव हवाई चपलेच्या रबरातून कापायचे. गळाची काठी शेंड्याला मोडलेली, तिला बांबूची कामटी दोऱ्यानं आवळून बांधलेली. रीळ एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरचं. तो ऑस्ट्रेलियाला जाताना यांच्या हातात देऊन गेला. रिळाची मूठ तुटली तेव्हा बायकोच्या, कुसुमताईंच्या, शिलाई मशिनची लाकडी मूठ तिथं बसली. मशिनवर बसताना बाई अजूनही म्हणत, "माझी मूठ मासे खाऊन राहिली."

आणि डोंगा? रेल्वेच्या भंगारातून लिलावात घेतलेला, पत्र्याचा, सपाट बुडाचा. कधीकाळी त्यात बसून साहेब लोक पुलाचे खांब तपासायचे. भनपुरीच्या पलीकडे मुरूम काढून काढून झालेली एक जुनी खदान पाण्यानं भरून तळं झाली होती. तिथंच तो एका कौहाच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडाखाली पालथा पडलेला असायचा. पत्रा इतका गंजलेला की वेल्डिंगची कांडी लावली तर एक भोक बुजायचं आणि शेजारी दोन व्हायची. तेव्हा ठरलं होतं की एकानं मासे धरायचे आणि एकानं पाणी उपसायचं.

पाणी उपसणारे दत्तोपंत. ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतले, भोसल्यांच्या काळापासून इथंच रुजलेल्या घरातले, गळ्यात तुळशीची माळ. राममंदिरात नरहरीबुवांचं कीर्तन असलं की बुवांच्या मागं टाळ धरून उभे राहायचे. नीलकंठराव शेवटच्या रांगेत बसायचे. तिथलीच ओळख. वीस वर्षांपूर्वी दत्तोपंत "नुसतं पाणी बघायला" म्हणून खदानीवर आले, डोंगा मध्यावर भरू लागला, त्यांनी पायाशी पडलेला डालड्याचा डबा उचलला, आणि तो हातातून कधी सुटलाच नाही. दर रविवारी पहाटे सायकलच्या हँडलला डबा अडकवून ते गुढियारीला नीलकंठरावांच्या घरी यायचे, आणि तिथून पुढं दोघं स्कूटरवर.

मंदिरात कोणी टोमणा मारायचंच. "पंत, माळ घालून मासेमारी?"

"मासे ते धरतात. मी डोंगा बुडू देत नाही. बुडत्याला वाचवणं कोणत्या शास्त्रात पाप आहे, सांगा."

नीलकंठराव पुढं तोंड करून बसायचे, दत्तोपंत मागं. डबा पाण्यात बुडायचा, ओठांतल्या ओठांत "विठ्ठल" यायचं, पाणी बाहेर पडायचं. बुडक, विठ्ठल, छपाक. तासन् तास. एवढं होतं त्या रविवारांत. मासळी कधी दोन मिळायची, कधी एक, कधी काही नाही. आषाढ लागला की मात्र नीलकंठरावांचा हात हमखास बिघडायचा. मरळ बेडकावर यायची आणि सुटायची. "दमट हवेत माझा हात बसत नाही, पंत," ते म्हणायचे. पंत म्हणायचे, "असेल."

त्या वर्षी रामनवमीच्या कीर्तनात एक गोष्ट घडली. बुवा रंगात होते, सभा डोलत होती, आणि दत्तोपंतांचा टाळ एक मात्रा चुकला. बुवांनी सांभाळून घेतलं, कोणाला कळलंही नाही. शेवटच्या रांगेत एकट्या नीलकंठरावांनी ते टिपलं. पंत उजवा खांदा चोळत होते.

घरी येऊन नीलकंठराव कुसुमताईंना म्हणाले, "माझ्या डोंग्यानं खाल्ला तो खांदा. वीस वर्षं पाणी उपसून राहिले बिचारे. अन् मी काय करून राहिलो? मासे मारून राहिलो."

पुतण्या शिशिर भनपुरीला कूलरच्या फायबर टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. उरलेलं रेझिन आणि जाळीचं कापड तो मालकाला विचारून घेऊन आला. "काका, एक कोट मार देंगे नीचे से, बस. दस साल पानी नहीं घुसेगा." चुलत्या-पुतण्यांनी वैशाखाच्या उन्हात दोन दिवस खपून डोंग्याचं बूड असं केलं की पाण्याचा थेंब आत येईना. नीलकंठरावांनी आयुष्यात शेकडो वॅगन दुरुस्त केल्या असतील. एवढं प्रेम कशावर केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दत्तोपंत डोंग्यात बसले. बुडावरून हात फिरवला. "वा. कोरडा ठणठणीत."

"आता आरामात बसा, पंत. खांद्याले विसावा द्या."

पंत आरामात बसले. डबा मांडीवर. नीलकंठरावांनी एक मरळ धरली आणि पोत्यात टाकली. मरळ पाण्याबाहेर फार वेळ जिवंत राहते. पोत्यात ती धडपडत राहिली. आजवर तो आवाज डब्याच्या आवाजाखाली दबून जायचा. त्या दिवशी सगळं तळं शांत आणि ते पोतं तेवढं बोलत होतं. दत्तोपंतांनी एकदा पोत्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग कोरड्या डब्यात.

त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. घरी पाहुणे आले होते म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी मंदिरात बैठक. मग गुडघा. चौथ्या खेपेला नीलकंठराव ब्राह्मणपाऱ्यात गेले तेव्हा पंत ओसरीवर वाती वळत बसले होते. गुडघा दुमडून, चांगली मांडी घालून.

"पंत, काही चुकलं काय माझं?"

"छे हो. कोरड्या डोंग्यात माझं काय काम? तुम्ही जा. तुमचा नाद मोडू नका."

एवढंच. राग नाही, रुसवा नाही. त्याचीच नीलकंठरावांना भीती वाटली. रुसलेल्या माणसाला मनवता येतं. ज्याला आपलं काम संपलं असं वाटलं, त्याला काय सांगून परत आणायचं?

ते एकटेच गेले. ज्येष्ठ सरत आला होता, पाणी छान होतं, मरळी वर येत होत्या. पहिलीनं बेडूक धरला, यांनी झटका दिला, बेडूक रिकामा परत. दुसरी, तशीच. तिसरी. ड्रायव्हरसाहेबानं रीळ देताना एकच मंत्र दिला होता: मरळीनं बेडूक धरला की लगेच ओढायचं नाही, तिला तो नीट तोंडात घेऊ द्यायचा, तीन मोजायचे, मग झटका. वीस वर्षं नीलकंठरावांना वाटत होतं, हे आपल्याला येतं.

चौथी मरळ आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपला हात थांबलाय आणि कान मागं लागलाय. ते डब्याची वाट बघत होते. एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तिसऱ्याला झटका. त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. मोजत मागचा माणूस होता. मागं कोणी नव्हतं, आणि मरळ बेडूक थुंकून निघून गेली.

घरी येऊन त्यांनी हे कुसुमताईंना सांगितलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे वीस वर्षं मासे पंतभाऊजींनीच मारले म्हणा की!"

नीलकंठरावही हसले.

"हे त्यांले सांगू नका बरं," कुसुमताई म्हणाल्या. "माळ घातलेल्या माणसाले असं ऐकून झोप येईल का?"

"नाही सांगत. पण त्यांले आणू कसं? मी तर त्यांच्या भल्यासाठीच केलं न."

"काहून येतील ते? बुवांमागं उभ्या माणसाच्या हातातला टाळ काढून घेतला अन् म्हणता, आता आरामात उभे राहा."

नीलकंठरावांनी भिंतीवरच्या रामाच्या तसबिरीकडे पाहिलं. मग उठले, हत्यारांची पेटी काढली.

दुसऱ्या दिवशी खदानीवर त्यांनी डोंग्याच्या मागच्या बाजूला, पंतांच्या जागेखाली, हातड्रिलनं भोक पाडलं. शिशिर डोकं धरून बसला. "काका, आप पागल हो गए क्या? दो दिन धूप में मरे थे हम!" पण फिटर तो फिटर. आधी सुतळीएवढं भोक; पाणी फारच कमी. मग ड्रिलला एक नंबर मोठी पिन. डोंगा पाण्यात ढकलून घड्याळ लावून बसले. काम वाटेल इतकं पाणी यायला हवं, पण खांदा दुखेल इतकं नको. तिसऱ्या प्रयत्नाला माप जमलं.

संध्याकाळी ब्राह्मणपाऱ्यात.

"पंत, डोंगा पुन्हा गळून राहिला."

वातीवरचा हात थांबला. "कुठून?"

"मागून. तुमच्या जागेखालून."

"शिशिरनं तर पक्कं केलं होतं ना?"

"आजकालच्या पोट्ट्याइचं काम, काय सांगू तुम्हाले!"

हे शिशिरच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, "ठीक है. बदनामी मेरी, मछली आपकी."

रविवारी पहाटे गुढियारीच्या गल्लीत सायकलची घंटी वाजली. कुसुमताईंनी दार उघडलं. हँडलला डबा.

"आलात, भाऊजी?"

"यायला लागलं, वहिनी. हे एकटे बुडतील."

डोंगा पाण्यात गेला. बुडातून एक बारीक, नीटस चिळकांडी वर आली. दत्तोपंतांनी वाकून तिच्यावर बोट ठेवलं. बोट तसंच ठेवून म्हणाले, "नीलकंठराव, गंजानं इतकं गोल भोक पडत नाही."

"राजधानीतला गंज आहे, पंत. सारं मापात होऊन राहिलं आता."

पंत हसले. वीस वर्षांत इतके मोकळे हसलेले नीलकंठरावांनी पाहिले नव्हते. मग बोट काढलं आणि डबा बुडवला. बुडक, विठ्ठल, छपाक.

पहिली मरळ शिंगाड्याच्या वेलींतून आली. एक. दोन. तिसऱ्या डब्याला हात आपोआप फिरला, आणि मासळी पोत्यात आली. डब्याच्या आवाजात पोत्याचा आवाज विरून गेला. नीलकंठरावांनी मनातल्या मनात रामाला हात जोडले, आणि जोडता जोडता थोडे लाजलेही. यात देवाला किती ओढावं, हे त्यांना उमगेना.

आषाढाचे पहिले दिवस होते. काठालगत, बेशरमीच्या झुडपांच्या सावलीत पाण्यावर लालसर काहीतरी हललं. मरळीची पिलं. शेकडो, बोटाच्या पेराएवढी, एकमेकांना चिकटून तरंगणारी, आणि त्यांच्या बरोब्बर खाली राखणीला मोठी मरळ. गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की त्या घोळक्यावर बेडूक टाकला तर ती येणारच. भूक नसली तरी येणार. नीलकंठरावांनी हे दर आषाढात केलं होतं. आजही हाताच्या सवयीनं बेडूक तिथंच पडला.

पाणी फाटलं. हातभर लांबीची काळी पाठ दिसली आणि बेडूक नाहीसा झाला.

आणि मागं डबा वाजला: विठ्ठल-विठ्ठल-विठ्ठल. एका श्वासात, तीनही डबे, अर्धे अर्धे भरलेले.

हात फिरला, वेळेआधीच. बेडूक रिकामा परत आला. मोठी मरळ वळली आणि आपल्या लाल घोळक्याखाली जाऊन बसली.

नीलकंठराव काठी तशीच धरून बसून राहिले. दमट हवा. वीस आषाढ. प्रत्येक आषाढात बिघडणारा हात. त्यांनी हळूच मान वळवली. दत्तोपंत डब्यात बघत होते, जणू त्यात काही पडलंय.

"सुटली," नीलकंठराव म्हणाले.

"सुटली तर सुटली," पंत म्हणाले. डबा पुन्हा संथ झाला होता. "तुम्ही पुढं बघा. मी आहे मागं."

म्हणजे पंतांपासून लपवण्यासारखं काही नव्हतंच. या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं, कोणता डबा कोणाचा जीव घेतो आणि कोणता सोडवतो. मित्राच्या ताटाला मासळी मिळेल इतकं त्यानं मोजलं, आणि लेकुरवाळ्यांसाठी मोजणं चुकवलं. पापपुण्याचा हा एवढा मोठा भार तो कोणाला न सांगता, मांडीवर डालड्याचा डबा घेऊन, वीस वर्षं वाहत होता. डोंगा कोरडा झाला तेव्हा तोच भार त्याच्या हातून सुटला होता.

नीलकंठरावांनी बेडूक गुंडाळला आणि काठी दुसऱ्या अंगाला, मोकळ्या पाण्याकडे फिरवली. आषाढात त्या घोळक्यावर त्यांनी पुन्हा कधी गळ टाकला नाही. तरी पंतांनी डबा सोडला नाही, आणि यांनीही ते भोक कधी बुजवलं नाही.

दत्तोपंत आता नाहीत. डबा कुसुमताईंच्या देवघराशेजारी आहे, त्यात तुळस लावली आहे. तर एवढं करा. पुढच्या वेळी कीर्तनाला बसाल, बुवांच्या गळ्यात हार पडेल आणि सगळे पुढं सरकून पाया पडतील, तेव्हा बुवांच्या मागं टाळ धरून उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा नीट बघा. आणि ब्राह्मणपाऱ्याच्या दत्तोपंतांची एवढी आठवण ठेवा.